आपूकिनोस हा शब्द कुणाच्या दारात जन्मला

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसला तर मलाच वाईट वाटेल. आमच्या कोइवुसल्मी गावात आजवर एकाही माणसानं ते खरं मानलेलं नाही, आणि इतक्या वर्षांचा हा शिरस्ता तुमच्यामुळे मोडावा अशी माझी इच्छा नाही. गोष्ट एका शब्दाची आहे. शास्त्रज्ञ लोकांचा शब्द, त्यांच्या जाडजूड अहवालांतून छापून येणारा. तो माझ्या दारात जन्मला. दारात म्हणजे खरोखर दारात. पायरीवर उभं राहून हातातला कॉफीचा गाळ भिरकावला तर जिथं पडेल तिथं.

पण आधी ती सकाळ सांगायला हवी, कारण त्या सकाळी मी ही गोष्ट उगाच वेळ जावा म्हणून सांगितली नव्हती. मला बर्फावर जायचं होतं आणि मला कुणी नेत नव्हतं.

जानेवारी होता. हिल्काच्या पेट्रोलपंपाला लागून कॉफीची खोली आहे, तिथं आम्ही जमलो होतो. फावडी बाहेर भिंतीला टेकवलेली. दर हिवाळ्यात सरोवर नीट गोठलं की आम्ही बेटांच्या कडेनं हिमाचे लांबट ढीग घालतो. सीलसाठी. साइमा सरोवरातली आमची सील पिल्लू घालते ती वाऱ्यानं किनाऱ्याला लोटलेल्या हिमात, आतून पोखरून, वर छप्पर ठेवून. पूर्वी ते हिम वाराच आणून टाकायचा, कुणाला काही करावं लागत नव्हतं. आताचे हिवाळे म्हणजे निम्म्या वेळेला पाऊस. उघड्या बर्फावर पिल्लू झालं तर थंडीनं जातं, नाहीतर कोल्हा नेतो. म्हणून आम्ही फावडी घेऊन वाऱ्याच्या जागी बदली कामगार म्हणून उभे राहतो. त्या ढिगाला आपूकिनोस म्हणतात. आपू म्हणजे मदत. किनोस म्हणजे वाऱ्यानं लोटून जमवलेला हिमाचा ढीग. दोन्ही शब्द आमच्याकडे बापजाद्यांपासून चालत आलेले, पण ते एकमेकांना चिकटले अलीकडेच.

कामाची मुखत्यार इंका. संशोधन संस्थेची मुलगी, तिशीची असेल, कामाला वाघ. तिचा नियम एकच: बर्फावर एकट्यानं पाऊल टाकायचं नाही. जोडीजोडीनं जायचं, एका घसरगाडीला दोघं, गळ्यात दोघांच्याही टोचे. पाण्यात पडलात तर ते बर्फात रोवून वर यायचं, आणि तेवढ्यानं नाही जमलं तर दुसऱ्यानं दोरी टाकायची.

"तुम्ही दोघं एकत्र," तिनं शहरातून आलेल्या नवराबायकोला सांगितलं. दोघंही नव्या कोऱ्या जाकिटांत, दुकानाची घडी अजून मोडली नव्हती. मग बाकीच्यांच्या जोड्या लावल्या. लावत लावत माझ्यापाशी आली आणि थांबली.

"सुलो, तुम्हाला जोडीदार नाही."

"मागच्या वर्षी एस्को होता," मी म्हणालो.

"एस्को कुठं आहेत?"

"त्याची मुलगी घेऊन गेली त्याला. चौथ्या मजल्यावर राहतो. खिडकीतून समोरच्या इमारतीचा चौथा मजला दिसतो म्हणे."

"मग तुम्ही यंदा इथंच थांबा. हिल्काला वाटाण्याच्या सूपाला हात लावा. लोक दमून परत येतील, त्यांना गरम काहीतरी लागेल."

"वाटाणे माझी वाट न बघता शिजतात."

"यांना चमचा देऊ नकोस गं बाई," हिल्का गल्ल्यामागून म्हणाली. "सूप ढवळता ढवळता गोष्ट सांगतील आणि तळाला लागेल."

सगळे हसले. मीही हसलो. माझं घर चिंचोळ्या पाण्याच्या पलीकडे बेटावर आहे. वर्षातून हे एवढे दिवस तिथं माणसांचे आवाज येतात, कुणाची टोपी माझ्या खुंटीवर असते, कुणीतरी माझ्या पायरीवर बूट आपटून हिम झाडतं. तेवढ्यासाठी मी डिसेंबर ढकलतो. आता तेही गेलं, तर मग थेट मेमध्ये पोस्टाची बोट.

लगेच कुणी निघणार नव्हतं. इंकाची दोन माणसं सरोवरावर भोकं पाडून बर्फाची जाडी बघायला गेली होती. त्यांचा फोन येईपर्यंत बसायचं होतं. म्हणजे मला तेवढा वेळ होता.

"इंका," मी म्हणालो, "तू मला मागं ठेवते आहेस, पण आपूकिनोस हा शब्द कुठून आला ते तुला माहीत आहे का?"

"संस्थेतून. कुठल्यातरी बैठकीत ठरला असेल."

"माझ्या दारातून आला. माझा भाऊ काउको यानं तो केला. ज्या घरानं तुम्हाला शब्द दिला त्या घरच्या माणसाला तुम्ही वाटाण्यांवर बसवता."

"सुरू झालं," हिल्का म्हणाली आणि कॉफीचं नवं भांडं लावलं. तिनं ही गोष्ट कितीतरी हिवाळे ऐकली आहे, पण ती या गावात लग्न होऊन आली ते बऱ्याच नंतर. त्या वेळचं असं आता तिथं कुणी नव्हतं. एक उंतो सोडून. उंतो स्नोमोबाईल चालवतो, माणसं बेटांवर सोडतो आणि आणतो. कंबर गेल्यापासून फावड्याला हात लावत नाही. त्याचं घर माझ्या बेटाच्या बरोबर समोर, पाण्याच्या अलीकडच्या काठावर. तो खिडकीपाशी बशीत कॉफी ओतून, दातांत साखरेचा खडा धरून पीत होता. त्यानंही ही गोष्ट सगळ्या हिवाळ्यांत ऐकली आहे आणि कधी एक शब्द बोललेला नाही. आमच्याकडे याला सभ्यपणा म्हणतात.

तर ऐका, मी म्हणालो. तो हिवाळा असा होता की हिम म्हणून पडलंच नाही. सरोवर गोठलं, पण उघडंबोडकं. बर्फ चुलीच्या तव्यासारखा काळा आणि इतका स्वच्छ की खालचे मासे वर बघून माणसाच्या बुटाचा नंबर सांगत. पाद्रीसाहेबांच्या अंगणात हिमाचा एक लहानसा तुकडा उरला होता, त्यावर त्यांनी रात्री घोंगडी घालायला सुरुवात केली. रविवारी प्रार्थना झाली की लोक तो बघायला जात. मुलांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती.

"घोंगडी," शहरातला नवरा बायकोला म्हणाला.

"गप्प ऐक रे," ती म्हणाली.

बेटावर आम्ही दोघं. मी आणि काउको. आईबाप गेलेले, लग्नाच्या भानगडीत दोघांपैकी कुणी पडलं नव्हतं. काउको इतका कमी बोलायचा की घरात बडबड्या कोण तर भिंतीवरचं घड्याळ. एकदा ऑगस्टमध्ये तो "पाऊस" म्हणाला, तो शब्द आम्हाला नाताळपर्यंत पुरला. कुणाकडे काही मागणं हा प्रकार त्याच्याजवळ नव्हताच. एकदा तो विहिरीत पडला. मी तासाभरानं पाणी आणायला गेलो तेव्हा खालून म्हणाला, "घाईत असशील तर राहू दे."

"तुम्ही दोघंच त्या बेटावर? एकटं नाही वाटायचं?" शहरातल्या बायकोनं विचारलं.

"दोघं म्हणजे एकटं कसं वाटेल?" मी म्हणालो.

उंतोनं बशी खाली ठेवली, तिच्यात पुन्हा कॉफी ओतली.

तर एका सकाळी दारावर थाप पडली. बेटावर, जानेवारीत. थाप म्हणजे ओल्या पंजाची, थपकन. काउकोनं दार उघडलं. पायरीवर सील. गरोदर, पोट जमिनीला लागलेलं, मिशांवर बर्फाचे मणी. तिनं आत बघितलं, जमीन नुकतीच पुसलेली दिसली, म्हणून आत आली नाही. साइमाची सील ही गोष्ट फार पाळते. आम्ही तिला बाहेरच बशीतून कॉफी दिली. साखरेचा खडा तिनं दातांत धरला, अगदी उंतो धरतो तसा.

"दूध घातलंत?" हिल्कानं विचारलं.

"बिनदुधाची. दुधाची कॉफी शहरातल्या सीलना लागते."

इंकाच्या तोंडावर हसू आलं, पण ते तिनं कपामागं लपवलं. मला धीर आला.

कॉफी पिऊन सील सरोवराकडे वळली आणि बघत बसली. तिला काय हवं ते उघड होतं. हिम हवं होतं, आणि सगळ्या परगण्यात ते पाद्रीसाहेबांच्या घोंगडीखाली. तिनं काही मागितलं नाही. नुसती बसली. काउको तिच्याकडे बघत उभा राहिला. माझ्या मते आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्याच्यासारखं कुणीतरी भेटलं होतं.

मग आम्ही हिम गोळा करायला लागलो. घसरगाडी काढली, दोरीचं एक टोक त्याच्या खांद्यावर, एक माझ्या. उत्तरेकडच्या कपारींतून, फरच्या झाडांच्या बुंध्यांआडून, धान्याच्या कोठीच्या सावलीतून. स्नानघराच्या छपरावरचं गोठलेलं दव काउकोनं लोण्याच्या सुरीनं खरवडून काढलं. वर्षभर शीतपेटी साफ केली नव्हती, तिच्यातलं टोकरून काढलं. त्यात तीन मासे निघाले, ते सीलला दिले. पलीकडच्या गावात मुलांचं घसरायचं मैदान होतं, तिथला खरवडलेला चुरा बटाट्याच्या गोण्यांत भरून आणला. बर्फ इतका गुळगुळीत की गाडी पुढं जायची आणि आम्ही मागं. रोज अंधार पडेपर्यंत.

"आणि रोज दोघं?" इंकानं विचारलं. "दोरीला?"

"दोघं," मी म्हणालो.

पहिला ढीग आम्ही चुकीचा घातला. गोल घातला, गवताच्या गंजीसारखा. सील आली, एक फेरी मारली, आमच्याकडे अशा नजरेनं बघू लागली की मला माझ्या शाळेच्या मास्तरीणबाई आठवल्या. वारा काही गंजी घालत नाही. वारा खडकाच्या आडोशाला लांब, निमुळतं, पाठीसारखं हिम टाकतो. पण किती लांब, किती उंच, आतलं दालन केवढं? हे तेव्हा कुणी मोजलेलं नव्हतं. मग काउको काहीएक न बोलता गेला आणि खडकाच्या आडोशाला बर्फावर पालथा पडला. म्हणजे मी त्याच्यावर हिम टाकायचं. तो सीलएवढाच होता, थोडा लांब. मी टाकत गेलो. पाय झाकले, पाठ झाकली. शेवटी डोकं राहिलं. मी विचारलं, बरं आहे का? तो म्हणाला, "उबदार आहे." मग मी डोक्यावरही टाकलं.

कॉफीचं यंत्र तेवढं खुरखुरत होतं.

"मग?" शहरातला नवरा म्हणाला.

मग काय. तो बाहेर यायला तयार होईना. तिथं आत शांतता होती आणि शांतता हा त्याचा जुना शौक. संध्याकाळी सील आली, वासानं अंदाज घेतला आणि खालून, बर्फातलं तिचं भोक वाढवून, त्याच्या शेजारी शिरली. एका अंथरुणात दोन मितभाषी. मी वर एक बोटभर भोक ठेवलं होतं, श्वासाला. सकाळी त्यातून नळीनं कॉफी ओतायचो.

मी रोज जाऊन त्या ढिगापाशी बसायचो. खाली पाटाचा तुकडा घ्यायचो, नाहीतर बूड गोठतं. काय बोलायचो? हेच आपलं. विहिरीचं हँडल करकरतंय. राय धान्याचा पाव पुन्हा खालून करपला. घड्याळाला चावी द्यायला विसरलो आणि ते दिवसभर बंद होतं तेव्हा घरात केवढा मोठा आवाज होता, म्हणजे आवाज नव्हता त्याचा. असलं काहीबाही.

"आणि ते उत्तर द्यायचे?" इंकानं विचारलं. तिनं कप खाली ठेवला होता.

"काउको बाहेर असतानाही कुठं द्यायचा."

एकदा वाटलं, जाऊन समोरच्या काठावर कुणाला तरी बोलवावं. कॉफीला. पण बोलावणार कशाला? कारण सांगावं लागतं. आमच्याकडे नुसतं "ये" म्हणून कुणी कुणाला बोलवत नाही; करवत उसनी मागायची असते, हिवाळ्यासाठी होडी उलथायची असते, मग ओघात कॉफी होते. माझ्याकडे करवत होती. होडी उलथलेलीच होती. म्हणून राहिलं.

हे वाक्य मी इतर वर्षी सांगत नाही. त्या दिवशी कसं निघून गेलं कोण जाणे. मी लगेच गोष्टीत प्रोफेसर आणले.

फेब्रुवारी सरता सरता शहरातले एक प्रोफेसर सील मोजत आले. उंच, बारीक, आणि वरखाली पूर्ण कवळी. थंडीत ती वाजायची. त्यांनी माझ्या दारातला ढीग बघितला आणि स्कीवरून खाली उतरले. आसपास कोसभर हिमाचा कण नाही आणि इथं हा एवढा किनोस. त्यांनी मोजला, वास घेतला, कान लावला. आत दोघं घोरत होते.

"हा वाऱ्यानं घातलेला नाही," प्रोफेसर म्हणाले.

"नाही," मी म्हणालो. "आम्ही घातलाय."

"मग हा तेकोकिनोस," ते म्हणाले आणि पेन्सिल काढली.

तेको म्हणजे माणसानं केलेलं, बनावट. आमच्याकडे नकली वस्तूला तेको लावायची पद्धत आहे. कवळीच्या दातांना तेकोदात म्हणतात. शब्द बरोबरच होता तसा, शास्त्राला धरून. ते लिहायला लागले, इतक्यात ढिगातून आवाज आला.

"नाही."

प्रोफेसरांची पेन्सिल पडली. कवळीही पडली असती, पण थंडीनं हिरडीला चिकटली होती.

"तेको तुमच्या तोंडात आहे," काउको आतून म्हणाला. "हे हिम खरं आहे. आणणाऱ्याचे हात खरे होते. यात नकली काय?"

काउको आयुष्यात इतकं एका दमात कधी बोलला नव्हता. मी पायरीवर बसलो. प्रोफेसर मात्र खरे शास्त्रज्ञ. गुडघे टेकून त्यांनी त्या बोटभर भोकाला तोंड लावलं आणि विचारलं, "मग काय म्हणू याला?"

आत सीलनं कूस बदलल्याचा आवाज आला. मग काउको म्हणाला, "ती मागणार नव्हती. न मागणाऱ्याच्या जवळ नेऊन ठेवावं लागतं आणि आपण बाजूला व्हावं लागतं. त्याला लोक मदत म्हणतात ना? तेच लिहा."

आणि प्रोफेसरांनी लिहिलं. आपू, आणि त्याला लागून किनोस. इंका, तुझी ती बैठक वगैरे नंतरची. बैठकीत त्यांनी फक्त कॉफी घेतली असेल.

"तेकोकिनोस," इंका स्वतःशीच म्हणाली. "खरं म्हणजे व्हायला तेच हवं होतं. सगळ्याच कृत्रिम गोष्टींना आपण तेको लावतो. याला का नाही लावलं ते मला कुणी कधी सांगितलं नाही."

"आता सांगितलं."

"सीलनं कॉफी प्यायली ते मी मानणार नाही," ती म्हणाली. "पण हे मानलं तरी चालेल असं वाटतंय."

मला माझं काम झाल्यासारखं वाटलं. मी कप उचलला. रिकामा होता, तरी प्यायलो.

शहरातल्या बायकोला मात्र शेवट हवा होता. काही माणसांना असतो तो आजार. ती पुढे सरकून म्हणाली, "मग वसंतात? ढीग वितळल्यावर?"

"पिल्लू झालं," मी म्हणालो. "करड्या लोकरीचं. मार्चमध्ये डोकं वर काढून बघायचं."

"पिल्लू नाही हो. तुमचे भाऊ. हिम वितळल्यावर त्यांचं काय झालं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. लोक सीलबद्दल विचारतात, कॉफीबद्दल विचारतात.

"काय व्हायचंय," मी म्हणालो. "बाहेर आला. अंगावरचं झटकलं. आत येऊन चुलीपाशी बसला."

तेवढ्यात इंकाचा फोन वाजला. ती उभी राहून ऐकत होती आणि मान हलवत होती. बर्फ जाड होता, सगळीकडे, अगदी माझ्या बेटापर्यंत. खुर्च्या सरकल्या, लोक हातमोजे शोधायला लागले, हिल्कानं माशांनी भरलेल्या भाकरीचे तुकडे कागदात गुंडाळून जोडीजोडीला वाटायला घेतले. मी माझी टोपी हातात घेऊन उभा राहिलो. घातली नव्हती.

इंका माझ्यापाशी आली. "सुलो, गोष्ट मला आवडली. तुम्हाला त्या नवराबायकोबरोबर तिसरा म्हणून घालायचं माझ्या मनात आहे. त्यांना बर्फाचं काही कळत नाही, तुम्हाला कळतं. पण एक विचारते, सरळ उत्तर द्या. तुम्ही त्यांना सोडून एकटे कुठं जाणार नाही ना? माझ्या माणसांमध्ये एक जरी असा निघाला की ज्याला एकट्यानं बर्फावर फिरायची सवय आहे, तर मला रात्री झोप लागत नाही. तुम्हाला ती सवय आहे का?"

"मला?" मी म्हणालो. "पोरी, मी जन्मात एकटा बर्फावर गेलो नाही. ज्या हिवाळ्याचं आता सांगितलं ना, त्या हिवाळ्यात तर एकदाही नाही. दोरीच्या दुसऱ्या टोकाला रोज काउको होता. विचार कुणालाही."

"खोटं," उंतो म्हणाला.

तो अजून खिडकीपाशीच बसला होता. इतका वेळ कुणाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. सगळे थांबले.

"कुठलं खोटं?" हिल्का म्हणाली. "सीलचं?"

"सील आली असेल, मला माहीत नाही. काउको नव्हता." उंतो माझ्याकडे बघत नव्हता, बशीकडे बघत होता. "त्याला आम्ही त्या हिवाळ्याच्या आधीच्या पानगळीत पुरला. जमीन गोठायच्या आत उरकावं म्हणून घाई केली होती पाद्रीसाहेबांनी. शवपेटीची मागची बाजू माझ्याकडे होती, एस्को पलीकडून. त्या हिवाळ्यात माझ्या खिडकीतून समोर रोज दिसायचं. एकच माणूस. गाडी ओढायचा, अडली की मागं जाऊन ढकलायचा, पुन्हा पुढं येऊन दोरी घ्यायचा. अंधार पडेपर्यंत. बायको म्हणाली, जाऊन ये. मी म्हणालो, त्याला एकटं राहायचं असेल, कशाला त्रास द्या. रोज असंच म्हणत राहिलो." त्यानं बशी बाजूला सारली आणि टेबलाला धरून, कमरेला हात लावत उठला. "त्या दोरीला दुसरं कुणी नव्हतं, इंका. ते शहरातले राहू देत. याला माझ्याबरोबर घाल. आणि मला कुणीतरी एक फावडं द्या, लांब दांड्याचं, वाकायला नको."